शलमोन मिस्त्रीचा काटा

गाडीला काटा लावायच्या आधी शलमोन मिस्त्री डोक्यावरची टोपी काढायचा. खाकी, तेलाने काळी पडलेली टोपी. ती तो गाडीच्या दिव्यावर अडकवायचा आणि भोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगायचा, "टोप्या काढा. बिड्या विझवा. बोलू नका."

लोक ऐकायचे. एका साखर कारखान्याचे संचालक एकदा फेटा बांधून आले होते. त्यांनी हसून वेळ मारून नेली. शलमोनने हातातली रबरी नळी खाली ठेवली आणि तो ओट्यावर जाऊन पाणी पीत बसला. शेवटी संचालकांनी फेटा उतरवला. काम पाच मिनिटांत झालं. फेटा बांधायला पुढे अर्धा तास गेला, कारण तो रोज बांधून देणारा माणूस घरीच राहिला होता.

"डाक्टर छातीला नळी लावतो तवा तुमी शेंगा फोडत बसता का?" शलमोन विचारायचा.

काटा म्हणजे बशीएवढी गोल तबकडी. पितळी कड, वर काच, आत आकडे आणि एक काटा. मिलिटरीच्या भंगाराच्या लिलावात ती शलमोनला मिळाली होती. निम्मं आयुष्य त्याने कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये काढलं होतं. नंतर भिंगारच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. तबकडीची नळी तो इंजिनाच्या हवा ओढायच्या वाटेला जोडायचा. इंजिन चालू झालं की ते किती जोराने श्वास घेतं हे काटा सांगायचा. काटा अठराच्या आसपास गुमान उभा राहिला तर इंजिन निरोगी. पंधरावर उभा राहिला तर ठिणगी उशिरा पडते. सावकाश मागेपुढे झुलायला लागला तर हवा आणि पेट्रोल यांचं जमत नाही. आणि दर ठोक्याला खाली उडी मारायला लागला तर एखादा व्हॉल्व्ह जळालेला.

"पुस्तकात आकडा वरचा दिलाय," तो सांगायचा. "पर पुस्तक समुद्राकाठी लिवलंय. आपलं नगर उंचावर. दोन घरं खाली धरायची."

त्याची आणखी एक तऱ्हा होती. काटा तो स्वतः सांगायचा नाही. गाडीच्या मालकाला किंवा घेणाऱ्याला पुढे उभं करायचा आणि विचारायचा, "काय दिसतं?" मालक म्हणायचा, बरं वाटतंय. "वाटतं ते नको. दिसतं ते सांगा." मग मालक आकडा सांगायचा. "हलतो का उभा हाय?" मालक ते सांगायचा. त्यानंतर शलमोन वाकून काचेला नाक लावायचा, "व्हय" म्हणायचा, आणि मग रोग काय ते सांगायचा. लोकांना यात फार मान वाटायचा. जो माणूस आयुष्यात कधी बॉनेट उघडत नव्हता तो चारचौघांत सांगायचा, "मी स्वतः काटा बघितला."

माणसांनाही तो हवा-पेट्रोलाचाच हिशेब लावायचा. ख्रिस्ती देवळातले पाळक भले, पण त्यांच्यात नुसती हवा. गॅसबत्तीवाला कंजूष, त्याच्यात दोन्ही कमी. माझ्याबद्दल त्याचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "शेठ, तुमच्यात पेट्रोल जास्त. काळा धूर काढता."

मी काढतो. मी मार्केट यार्डात पोती वाहिली, ट्रकवर क्लीनर राहिलो, मग एक मोडकी जीप घेऊन ती दुरुस्त करून विकली आणि त्यातून दुसरी घेतली. जुन्या जीपगाड्यांचा माझा धंदा असा उभा राहिला. त्यात कुणाचा हात नाही, म्हणून कुणी त्यात हात घातला तर मला खपत नाही.

शलमोनने घातला.

अकोले गावाहून एक निवृत्त गुरुजी आले होते. मुलासाठी जीप पाहिजे होती, भंडारदऱ्याच्या बाजूला प्रवासी न्यायला. मी चार दिवस त्यांच्याशी घासाघीस करून सौदा पक्का करत आणला होता. पण नगरात तेव्हा कुणीही जुनी गाडी घेताना एकच प्रश्न विचारायचा, "शलमोनने काटा लावला का?" गुरुजींनीही विचारलं. मी म्हणालो, चला.

त्या जीपचा एक व्हॉल्व्ह जळालेला होता. मला ते ठाऊक होतं का? ठाऊक होतं. मी किंमत लावली ती तो व्हॉल्व्ह धरूनच लावली होती, फक्त तसं बोललो नव्हतो. जुनी गाडी विकणाऱ्याने सगळंच बोलायचं म्हटलं तर त्याने कीर्तन करावं.

टोप्या निघाल्या. गुरुजी काट्यासमोर उभे राहिले. "काय दिसतं?"

"सतरा-अठरा," गुरुजी म्हणाले. "पण सारखा खाली उडतोय हो."

"कुठं उडतोय?" मी ओरडलो. "मिस्त्री, काटा उभा आहे! गाडीच्या हादऱ्याने तबकडी हलतेय!"

शलमोनने मान खाली घातली. मग काचेला नाक लावून म्हणाला, "गुरुजी म्हनतात तसंच हाय. व्हॉल्व्ह जळालाय."

गुरुजी आल्या वाटेने बसस्टँडवर गेले.

सौदे मोडतात, त्याचं मला काही नाही. पण मी आठ वर्षं त्याच्याकडे गाड्या आणत होतो. माझा शब्द एकीकडे, पहिल्यांदा शेडमध्ये पाय ठेवलेल्या मास्तराचा शब्द दुसरीकडे, आणि त्याने मास्तराचा उचलला. मी तिथेच सांगितलं, "मिस्त्री, तुझ्या नावावर हा बाजार चालतो ना? ते नाव मी मोडून दाखवीन."

"धूर निघाला," तो म्हणाला आणि त्याने टोपी घातली.

मी त्याच्याकडे जाणं बंद केलं. चार महिने गेले. दुसऱ्या मिस्त्रीकडे कामं दिली, ती बिघडून आली, तरी गेलो नाही. मग एका सकाळी मी रस्त्याने चालत चाललो होतो आणि शलमोन शेडच्या दारात उभा होता. दहा हातांवर. मी सवयीने हात वर केला आणि लगेच स्वतःवरच चिडलो. तो माझ्याकडे सरळ बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. आधी वाटलं, माज. दहा पावलं पुढे गेल्यावर वाटलं, थांब.

घोडेगावच्या बाजारात बैल घेताना आम्ही त्याच्या डोळ्यांसमोरून हात फिरवतो. पापणी मिटली नाही तर दावं सोडून पुढे जातो. मला गेल्या वर्षभरातल्या गोष्टी आठवायला लागल्या. एखादा पाना जागचा हलवला तर तो शेड डोक्यावर घ्यायचा. गाडी आली की मान वर न करता सांगायचा, "सावेडीची डाक्टरीनबाई आली, तिचा क्लच घासतो." आम्ही म्हणायचो, काय कान आहे!

त्याच दुपारी मी एक चांगली जीप घेऊन गेलो. तिचं काम नुकतंच झालेलं होतं.

"या शेठ," माझा आवाज ऐकल्यावर तो म्हणाला. "लई दिसांनी."

टोपी निघाली. नळी जोडली. मी काट्यासमोर उभा राहिलो. काटा अठरावर होता, खिळा ठोकल्यासारखा.

"काय दिसतं?"

"पंधरा," मी म्हणालो.

"हलतो का उभा हाय?"

"उभा आहे."

शलमोनने वाकून काचेला नाक लावलं. त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली. "व्हय," तो म्हणाला. "पंधरा. ठिनगी मागं पडलीय." आणि भिंतीवरच्या तिसऱ्या खिळ्यावरचा पाना घ्यायला वळला.

माझ्या हातापायांत आनंद भरला. खोटं कशाला सांगू? जे चार महिने शोधत होतो ते हातात आलं होतं. ज्याच्या डोळ्यांवर नगरच्या जुन्या गाड्यांचा बाजार चालत होता, त्याला बोटभर अंतरावरचा काटा दिसत नव्हता. पण तो आता माझ्या शब्दावर एक चांगलं इंजिन बिघडवायला निघाला होता, आणि इंजिन माझं होतं. "राहू द्या," मी म्हणालो. "घाई आहे. उद्या आणतो."

माळीवाड्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही गाडीवाले संध्याकाळी बसायचो. तिथे गेलो. "आज एक गंमत सांगतो," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे वळले. मी चहा सांगितला आणि दुसरीच कसलीशी गंमत सांगितली.

मला दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. हुकमाचं पान कुणी पहिल्याच हाताला टाकत नाही. नुसतं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, याचा सौदा मोडला म्हणून हा बोंबलतोय. मला ते चारचौघांत, चालू गाडीवर दाखवायचं होतं. मी पुन्हा शेडवर जायला लागलो आणि वाट बघायला लागलो.

महिनाभराने बबनराव आला. हाही माझ्यासारखाच जीपवाला, पण माझ्याहून गोड बोलणारा. त्याच्याबरोबर खर्ड्याचा एक कापड दुकानदार होता. आठवडी बाजारांना कापडाचे गठ्ठे न्यायला त्याला जीप हवी होती. दुकानदार भिडस्त होता. बबनरावाने त्याला अदबीने सावलीत बसवलं आणि स्वतःच काट्यासमोर पाठ करून उभा राहिला.

टोप्या निघाल्या. मी बाजूच्या ओट्यावर होतो. बबनरावाच्या कोपराखालून मला तबकडी दिसत होती. काटा दर ठोक्याला खाली उडी मारत होता.

"काय दिसतं?" शलमोनने विचारलं.

"अठरा!" बबनराव म्हणाला. "दगडावानी उभाय, मिस्त्री. असा काटा मी तर बघितला न्हाई बाबा."

हाच तो डाव होता. आता शलमोन वाकणार, नाक लावणार, "व्हय" म्हणणार. मग मी उठणार आणि दुकानदाराला हाताला धरून काट्यासमोर नेणार. मी ओट्यावरून पाय खाली सोडले.

पण शलमोन वाकला नाही. त्याने एक हात बॉनेटच्या कडेवर ठेवला होता आणि मान तिरकी केली होती. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्या कुनी बघा."

"का? माझे डोळे फुटले का?" बबनराव म्हणाला.

"तुमचे न्हाई," शलमोन म्हणाला. आणि माझ्या दिशेने तोंड वळवून, "शेठ, तुमी हाय ना तिथं? तुमी या."

मी उठलो. काट्यासमोर गेलो. बबनरावाने माझ्या पायावर पाय ठेवला आणि डोळा मिचकावला. धंद्यातली भाषा ती. आज तू सांभाळ, उद्या मी सांभाळीन. दुकानदारही उठून मागे आला होता, पण त्याची नजर काट्यावर नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. शलमोनही माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हणजे जिथून आवाज येणार होता तिकडे.

"काय दिसतं, शेठ?"

मला दोन वाक्यं बोलता आली असती. एक बबनरावाचं, एक माझं ठरवलेलं. दोन्हींनी शलमोनचं नाव मोडलं असतं.

"अठरा," मी म्हणालो. "दर ठोक्याला तीन घरं खाली येतोय."

"व्हय," शलमोन म्हणाला. यावेळी त्याने काचेला नाक लावलं नाही. "व्हॉल्व्ह जळालाय."

"आरं!" बबनराव उसळला. "तूच न्हाई का गुरुजीला जळका व्हॉल्व्ह विकीत हुतास? आता तू मला शिकीवतो?"

"विकत होतो," मी म्हणालो. "म्हणून तर ओळखला."

दुकानदार हसला आणि त्याने टोपी घातली. बबनराव माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत गाडी घेऊन गेला. आजही रस्त्यात भेटला तर तो थुंकतो.

शेड रिकामी झाली. शलमोन चिंधीने हात पुसत होता. माझ्या मनातलं अजून गेलं नव्हतं. मी विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी माझा शब्द का नाही घेतला? मग आज कसा घेतला?"

"त्या दिवशी तुमी लई जोरात बोलला," तो म्हणाला. "काटा उभा असता तर एवढं वरडायला कशाला लागतंय? आज हळू बोलला."

मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसलो आणि सरळच विचारलं, "किती दिसतं?"

हात पुसायचे थांबले. मग पुन्हा सुरू झाले. "उजेड दिसतो. मानूस उभा हाय का बसलाय ते दिसतं. तोंड न्हाई दिसत." मग म्हणाला, "पंधरा म्हनालात त्या दिशीच कळलं का?"

"हो."

"मलाबी गाडी गेल्यावर कळलं. तिचा आवाज पंधराचा नव्हता." त्याने विचारलं, "कुनाला बोललात?"

"नाही."

त्याने का ते विचारलं नाही. तो उठला, पत्र्याचं दार निम्मं ओढून घेतलं आणि आतल्या खोलीतून बिस्किटांचा डबा घेऊन आला. डब्यात पाच निळी अंतर्देशीय पत्रं होती. एकही फोडलेलं नव्हतं.

"पोरीची हायती," तो म्हणाला.

त्याला एकच मुलगी आहे एवढं मला माहीत होतं. बायको गेल्यावर त्याने तिला नर्सिंगला घातलं आणि ती दक्षिणेकडच्या एका मिशन दवाखान्यात नोकरीला लागली. "पोस्टमन म्हनतो, पोरीचं पत्र आलं. मी म्हनतो, ठेव, निवांत वाचतो. कुनाला वाचायला सांगू? एकाला कळलं की भिंगारला कळलं. भिंगारला कळलं की शेडला कुलूप." त्याने डबा माझ्या मांडीवर ठेवला. "तुमाला म्हाईतच हाय आता."

मी पत्रं फोडली आणि तारखा बघून लावली. पहिल्या पत्रात नव्या वॉर्डाची हकिकत होती, खोलीतल्या मैत्रिणीला नगरची हुलग्याची शेंगोळी करून घातली ते होतं. दुसऱ्यात, बाबा, पत्र पोचलं का. तिसऱ्यात रजा मिळणार असल्याचं. चौथं अर्ध्या पानाचं. पाचव्यात चारच ओळी होत्या. "बाबा, माझं काही चुकलं असेल तर स्पष्ट लिहावं. उत्तर नाही म्हणून मी रजा रद्द केली. मी यायला नको असेन तर तसंही लिहावं, मी वाईट वाटून घेणार नाही. तब्येत जपावी."

शलमोन ओट्याच्या कडेवर दोन्ही हात ठेवून बसला होता. "शेवटचं परत वाचा," तो म्हणाला. मी वाचलं. "परत." मी पुन्हा वाचलं.

मग मी समोरच्या दुकानातून कोरं अंतर्देशीय पत्र आणलं, डब्याच्या झाकणावर ठेवलं आणि पेन उघडलं. "सांगा."

"लिवा. मी मजेत हाय. कामाचा लई घोळ हाय म्हनून लिवायला जमलं न्हाई."

मी पेन खाली ठेवलं. "हे मी लिहिणार नाही."

"का?"

"डोळ्यांचं लिहा."

"डोळ्याचं लिवलं तर ती नोकरी सोडून इथं येऊन बसंल. बरं, चष्मा लागलाय म्हनून लिवा."

"चष्मा कुठे आहे?"

"उद्या करतो."

"उद्या केल्यावर लिहू. आज दिसत नाही असं लिहा."

"डोळ्यात धूर जातो म्हनून लिवा."

"धुराने पाच पत्रं वाचायची राहतात का? दिसत नाही. माझा शेवटचा शब्द."

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, उठला आणि दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेला. मी हाक मारली नाही. ती गिऱ्हाईकाची चाल मला पोती वाहत होतो तेव्हापासून माहीत आहे; हाक मारणारा हरतो. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, एक ट्रक जाऊ दिला आणि चाचपडत परत आला. मी पहिल्यांदाच त्याला चाचपडताना पाहिलं. माझ्यासमोर आता त्याला लपवायचं नव्हतं.

"कमी दिसतं, असं लिवा," तो म्हणाला.

"फार कमी."

"थोडं कमी."

मी यार्डात, बाजारात, कोर्टाच्या पायरीवर सौदे केले आहेत. इतका वेळ कुठल्या शब्दावर घालवल्याचं मला आठवत नाही. शेवटी मी "थोडं" त्याला दिलं आणि त्याच्याकडून "तू ये" घेतलं. ते द्यायला तो अजिबात तयार नव्हता. "ती यील," तो सारखा म्हणत होता, जणू यात काही तोटा होता. ठरलं ते असं: तुझी सगळी पत्रं पोचली. तुझं काही चुकलं नाही. डोळ्यांनी थोडं कमी दिसतं म्हणून वाचायची राहिली. रजा काढून तू ये.

मी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. त्याने "थोडं" दोनदा वाचायला लावलं.

"सही माझी मी करनार," तो म्हणाला.

मी त्याच्या हातात पेन दिलं आणि त्याचा हात धरून कागदाच्या तळाशी मोकळ्या जागेवर टेकवला. त्याने माझा हात झटकला. पाठ ताठ केली आणि सावकाश, शाळेत गिरवल्यासारखं एकेक अक्षर काढत सही केली. सही खालच्या जागेत राहिली नाही. ती तिरकी वर चढली, "तू ये" ओलांडून गेली, "थोडं कमी"वरून आडवी गेली, आणि शेवटचं अक्षर कागद सोडून डब्याच्या झाकणावर उमटलं.

"सरळ आली का?" त्याने विचारलं.

"अगदी सरळ," मी म्हणालो, आणि त्याचा विचार बदलायच्या आत पत्राला डिंक लावला.